झोळीची पारंबी

माझी लेक फिशा जन्मली त्या वर्षी आमच्या ओढ्यावरच्या झाडाचं मरण ठरल्यात जमा होतं.

झाड रबराच्या वडाचं. ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एका थोरल्या खडकाला मिठी मारून उभं असलेलं. त्याच्या पारंब्या पलीकडे न्यायचं काम माझ्या आईनं आणि शानबोरमामानं मी जन्मायच्या आधीच धरलं होतं. सुपारीचं खोड मधोमध चिरायचं, पोखरायचं, ओढ्यावर आडवं टाकायचं आणि त्या पन्हळीतून कोवळ्या पारंबीला वाट दाखवत न्यायचं. ती पलीकडच्या मातीत शिरली, जाड झाली, शेजारच्या पारंब्यांत गुंतली, की झाला पूल. आमच्या खोऱ्यात असे पूल आहेत आणि आम्ही त्यांवरून डोक्याला पट्टा लावून संत्र्यांच्या टोपल्या नेतो. पण ते सगळे आयते मिळालेले. नवा पूल करताना पाहिलेलं माणूस गावात उरलं नव्हतं. आई आणि मामा दोघंही ऐकीव माहितीवर चालले होते. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हापासून मामा एकटाच.

पारंब्या पलीकडे पोचल्या, रुजल्याही. जाड मात्र होईनात. वर्षामागून वर्षं अंगठ्याएवढ्याच. मामा त्यांना फार जपायचा. एकदा कुणाची तरी बकरी शेंडे खाऊन गेली, तेव्हापासून त्यानं दोन्ही काठांवर काटेरी कुंपण घातलं होतं. हात लावायचा नाही, लोंबकळायचं नाही, जोरात बोलायचंसुद्धा नाही. गावातली पोरं त्या झाडाला ‘शानबोरचा आजारी’ म्हणायची.

मग तारांच्या पुलाची मंजुरी येणार अशी बातमी आली. तारा बांधायला पक्का खडक हवा, आणि असा खडक एकच, झाडाच्या मिठीतला. गावाच्या दरबारात बोलणी सुरू झाली. कागद यायला वेळ होता, एवढाच काय तो उशीर.

आमच्यात घर धाकट्या लेकीकडे येतं. मी धाकटी, म्हणून घर, ओढ्याकाठची सुपारीची बाग आणि ते झाड माझ्या वाट्याला आलं. घरातर्फे दरबारात बोलायचा मान मात्र मामाचा. तो जेवायला बसायचा आणि भातात बोटं फिरवत राहायचा. मला म्हणायचा, तुझ्या आईनं वळवलेली पहिली पारंबी अजून तिथं आहे गं. बस, एवढंच म्हणायचा.

फिशा दोनेक महिन्यांची झाल्यावर मी बागेत पानं खुडायला जाऊ लागले. सुपारीवर चढवलेल्या पानवेली वाट बघत नाहीत. पण मुलीला ठेवायचं कुठं? खाली ठेवावं तर जळवा. पाठीला बांधून शिडी चढावी तर जीव खालीवर. माझा नवरा बान्तेई दिवसभर खाणीवर. शेवटी एक दिवस मी इकडे तिकडे बघितलं, कुंपणाचा एक कोपरा हलकेच बाजूला केला आणि काठावरच्या सगळ्यात जवळच्या पारंबीला झोळी बांधली. पारंबी खाली वाकली. मी घाबरून हात खाली धरला. पण ती तेवढीच वाकली आणि थांबली.

मग रोजचंच झालं. मामा यायच्या आत झोळी सोडायची, कोपरा पुन्हा लावायचा. फिशा वाऱ्यानं आपोआप झुलायची. मी शिडीवरून गुणगुणायची, ती खालून उत्तर द्यायची, आणि माझं टोपलं भरायचं.

तो पावसाळा गेला. थंडी लागता लागता माझी रोजची गाठ बसेनाशी झाली. झोळीचं कापड तोकडं पडायला लागलं. मला वाटलं, धुऊन धुऊन आटलं असेल. बान्तेई म्हणाला, पोर वाढतेय, कापड कुठून पुरणार. ते पटलं, म्हणून मी दुसरं, लांब कापड आणलं. तेही काही दिवसांनी पुरेना. एके सकाळी गाठ मारता मारता मी थबकले. कापड झोळीकडं नाही, वरच्या बाजूला कमी पडत होतं. मी पारंबीभोवती बोटं वळवली. माझा अंगठा आणि मधलं बोट भेटेनात. शेजारच्या पारंबीभोवती ती सहज भेटून वर पेरभर उरत होती.

बागेच्या वाटेवर भेटणाऱ्या बायकांना मी हे सांगितलं, मामाला नाही. त्यांनी लगेच आपापली कारणं शोधली. एकीचं म्हणणं, झाडाला दुधाचा वास लागला. दुसरी म्हणे, तुझं गाणं ऐकलं त्यानं. काँग मेरिसियाला, म्हणजे मेरिसियाताईला, सगळ्यातलं सगळं कळतं. ती म्हणाली, झाडाला तान्हं मूल आवडतं, बाईचीच जात ती. मला गाण्याचं कारण आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हणून मी खातरजमा करायची ठरवली. जरा पलीकडच्या, पानांआड मामाला दिसणार नाही अशा एका पारंबीला जुनी टोपली टांगली, तीत फिशाच्या वजनाचे गोटे भरले आणि तिच्याजवळ एक शब्द बोलले नाही. गोटे ना गातात, ना दूध पितात.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती पारंबीही माझ्या मनगटाएवढी झाली.

म्हणजे गाणं नव्हतं. दूध नव्हतं. ओढ होती. जिथं ओढ, तिथं झाड अंगाला अंग जोडत होतं. जिथं काही नाही, तिथं कशाला जाड व्हायचं? मला थोडं वाईटच वाटलं. झाडाला माझी मुलगी ठाऊकच नव्हती, फक्त तिचा भार ठाऊक होता.

पण जन्मली तेव्हा फिशाला तरी काय ठाऊक होतं? पहिल्या महिन्यात तिला मी कोण हे कळत नव्हतं. तिच्या तळहाताला बोट लागलं की मूठ मिटायची, ऊब गेली की रडायची, माझा वास आला की तोंड वळवायची. विचार करून मिटलेली मूठ नव्हती ती. तरी तिला काही कळत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला घरात घेतलं नसतं. आणि झाड तर ती ओढ धरून ठेवत होतं. रात्री झोळी रिकामी असायची, पावसाच्या दिवसांत आठवडाभर नसायचीच, तरी ते विसरत नव्हतं. कुठं ठेवत असेल ते हे सगळं? डोकं नाही, मेंदू नाही. अंगातच ठेवत असेल. नवीन सालीत, नवीन लाकडात. माझ्याही अंगाला फिशाचं वजन असंच माहीत होतं. अंधारात उचलताना हात आपोआप तेवढाच ताणला जायचा.

त्या थंडीत मंजुरीचा कागद आला, आणि मला मामाला सांगणं भाग पडलं.

तो आधी तापलाच. कुंपण कुणी उघडलं, केव्हा उघडलं, मी मेलो होतो का, सगळं विचारून झालं. मी त्याचा हात धरला आणि झोळीच्या पारंबीवर ठेवला. मग शेजारच्या बारीक पारंबीवर. मग गोट्यांच्या पारंबीवर. तो परत पहिलीवर आला आणि तिच्याभोवती बोटं वळवून बघू लागला.

“म्हणजे मी हिला आयुष्यभर आजाऱ्यासारखी निजवून ठेवली,” तो म्हणाला. “आणि वर तिलाच आजारी म्हणत राहिलो.”

“तू नाही म्हणालास मामा. पोरं म्हणाली.”

“मी मनात म्हणालो.”

रविवारी चर्च सुटल्यावर दरबार भरला. आमच्याकडे दरबारात बायका बसत नाहीत. मी फिशाला पाठीला बांधून कंपाऊंडच्या भिंतीआड इतर बायकांबरोबर उभी राहिले. भिंत आमच्या खांद्याएवढीच आहे, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

झाड तोडा म्हणणाऱ्यांत पुढे होता बाह ड्रिकसन, म्हणजे ड्रिकसनदादा. डुकराच्या मटणाचं त्याचं दुकान, आणि त्याच्याएवढा भारी माणूस आसपासच्या गावांत नाही. मामानं पारंब्यांचं सांगितलं तसा तो हसला.

“झाडाला डोकं आहे का, शानबोर? असलं तर दाखव. मी टोपी घेऊन येतो.”

लोक हसले. मामाही हसला. “डोकं नाही रे. पण माझ्या नातीचं वजन त्याच्या चोख लक्षात आहे. तुझ्या तराजूच्या कधी राहिलंय?”

आता हशा भिंतीच्या आमच्या बाजूला जास्त झाला. ड्रिकसन लाल झाला. म्हणाला, ही तुझ्या भाचीची अक्कल दिसते. कोंबडी आरवली की जग बुडतं म्हणतात, ते खोटं नाही.

“कोंबडी कुठं आरवली?” मामा म्हणाला. “तिनं पिल्लू तेवढं टांगलं. आरवतोय मी, आणि मी कोंबडा आहे. हवं तर चला, हात लावून बघा.”

सगळे निघाले, पुढे पुरुष आणि मागे आम्ही. मामानं स्वतःच्या हातानं कुंपणाचे बांबू उपटले. रंगबाहनं, म्हणजे आमच्या गावप्रमुखानं, तिन्ही पारंब्या चाचपल्या. ड्रिकसन मात्र म्हणाला, दिसायला जाड असेल, आतून पोकळ असेल. आणि खात्री करायला त्यानं झोळीची पारंबी दोन्ही हातांनी धरून पाय उचलले.

झाडाचा शेंडा थरथरला. पारंबी कुरकुरली, खाली आली आणि थांबली. ड्रिकसनही थांबला, पण तेवढ्यात तो काठावरून ओढ्यावर सरकला होता. खाली खडक, वर पारंबी, मधे त्याचे बूट.

“मोडली का?” मामानं विचारलं.

“नाही.”

“पोकळ आहे?”

“नाही म्हटलं ना. ओढ मला.”

त्याला काठावर घेताना मामा धापा टाकत होता. मग रंगबाहनं निवाडा दिला. मंजुरी तीन वर्षं टिकते, तेवढं थांबू. तिसऱ्या पावसाळ्यात, ओढा भरलेला असताना, भरली टोपली घेऊन माणूस इथून पलीकडे गेलं तर झाड राहील आणि तारा खालच्या वळणावरच्या गावाला देऊन टाकू. नाही गेलं, तर झाड जाईल.

त्यानंतर त्या झाडाला एक दिवस उसंत मिळाली नाही. बागेत जाताना बायका टोपल्या टेकायच्या त्या पारंब्यांवरच. पोरं शाळेतून थेट तिथं येऊन लोंबकळायची. मामा दर थंडीत नव्या पारंब्या जुन्यांना बांधायचा, फटीत दगड ठोकायचा आणि पोरं कमी दिसली तर ओरडायचा, आज कुठं मेली सगळी. ड्रिकसन दुकान बंद करून संध्याकाळी यायचा, पाय उचलून लटकायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की या झाडाला खरं शिकवलं ते मी. ते अगदीच खोटंही नव्हतं. सगळ्यात जाड पारंबी त्याचीच झाली.

तिसऱ्या पावसाळ्यात ओढा असा भरला की पलीकडच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावं लागे. बाजाराच्या दिवशी मामानं पानांची भरली टोपली पाठीवर घेतली, पट्टा कपाळाला लावला. मी माझी घेतली. दोन्ही काठांवर गाव उभं होतं. रंगबाहनं नुसती मान हलवली.

मामा पुलावर चढला आणि मी घाबरले. पाण्यामुळे नाही. तो चवड्यांवर चालत होता. इतक्या वर्षांची सवय. पाळण्यातलं मूल जागं होऊ नये म्हणून चालतात तसा, एकेक पाऊल दबकत, श्वास धरून. मधोमध जाऊन तो थांबला. पूल नाही हलला, मामाच हलत होता.

मी त्याच्या मागे पूर्ण पाऊल टाकलं. टाच आपटून.

“मामा,” मी पाण्यावरून ओरडले, “जोरात चाल. त्याला कळू दे.”

त्यानं मागे बघितलं नाही. पण टाच खाली आली. मग दुसरी. खालच्या पारंब्या ताणल्या, तो ताण माझ्या तळव्यांत आला आणि माझा त्याच्यात गेला असणार. मामा आता पाय आपटत चालला होता, टोपलीतली पानं उडत होती, पलीकडचे लोक टाळ्या वाजवत पुढे सरकत होते. माझ्या मागून काँग मेरिसिया चढली, तिच्या मागून ड्रिकसन, त्याच्या मागून ज्याच्या पाठीवर टोपली होती तो प्रत्येक जण. सगळे धपाधप टाचा आपटत, एका सुरात, भरल्या ओढ्याच्या वर.