दोऱ्यात बांधलेला हॅम

धाकटीने काचेवर टकटक केली. "तो नको काका, तो मागचा! मोठा."

दुकानदाराने हातातला डुकराच्या मांडीचा हॅम तसाच धरून ठेवला. बेताच्या आकाराचा, दोऱ्याचे घट्ट वेढे घातलेला. "हा तुझ्या आजोबांसाठी सकाळीच तयार केलाय. गेली तीन वर्षं ते असाच नेतात."

"उद्या ताईचे होणारे सासूसासरे जेवायला येणारेत. त्यांच्यापुढे हे गाठोडं ठेवू? हॅम काय पळून जाणारे, बांधून न्यायला?"

तो हसला नाही. "आजोबांना एक फोन करतेस?"

"त्यांचा गुडघा धरलाय, म्हणून तर मला पाठवलंय. तुम्ही वजन करा हो!"

निघताना आजोबांनी दोनदा बजावलं होतं, दोऱ्याचाच आण. पण म्हाताऱ्या माणसांना जुनंच हवं असतं, असं ठरवून ती मोकळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी हॅम टेबलावर आला आणि पाहुण्यांनी "वा!" केलं. धाकटी हरभऱ्याच्या झाडावर चढली.

"आता आमच्या आजोबांचा हात बघा," बाबा म्हणाले. "दोन मिनिटांत एकसारखे काप. वहीची पानंच जणू!"

आजोबा उठले. त्यांची बोटं हॅमवरून फिरली, दोरा शोधत राहिली, थांबली. मग त्यांनी सुरी टेकवली. पातं थरथरलं, घसरलं, हाडावर खट्‌कन वाजलं. एक जाडा तुकडा फाटून निघाला. कुणीतरी उगाच खाकरलं.

धाकटीने त्या फाटक्या तुकड्याकडे पाहिलं, आणि तिला उमगलं. दोरा सुटला की पानांसारखे उलगडणारे ते काप दुकानातच कापलेले असायचे. आणि आजोबा हल्ली चहा अर्धा कपच मागायचे. घरात सगळे म्हणायचे, भूक मंदावली; भरला कप हातातून सांडत असेल, हे कुणाला सुचलं नव्हतं.

"सुरीला धार नाही," आजोबा कुणाकडेही न बघता म्हणाले.

"माझंच चुकलं." धाकटी उठली. "लावून आण म्हणाला होतात. मीच विसरले. द्या, माझी चूक मीच निस्तरते."

तिने सुरी घेतली. पातं लोण्यातून जावं तसं आत गेलं. तिने हात मुद्दाम अडखळवला. काप वाकडा पडला, दुसरा त्याहून वाकडा.

"शिकेल हळूहळू!" ताईचे होणारे सासरे म्हणाले, आणि टेबलभर हशा पिकला.

आजोबा मात्र हसले नाहीत. दोन्ही हात टेबलाखाली घेऊन ते सुरीकडे बघत बसले होते.