वरच्या घरचं बारसं

पांडुरंगशेठांचं कापडाचं दुकान कोप्पीकर रोडवर, पण जीभ साऱ्या जगाच्या नद्यांवर चालायची. त्या संध्याकाळी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं, देशादेशांत नद्यांवरून भांडणं का पेटतात यावर. नातवाचं बारसं उद्यावर आलं होतं, तरी गृहस्थ माईक सोडीना.

"पाणी कमी पडतं म्हणून कुणी भांडत नाही," ते टेबलावर हात आपटून म्हणाले. "वरचा देश म्हणतो, नदी आमच्या अंगणातून जाते. धरण बांधतो, किती पाणी अडवलं ते सांगत नाही. खालच्यानं विचारलं तर म्हणतो, आधी आमचं भागू दे. निर्लज्ज लेकाचे!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको इंदुमती कानडी-मराठीत ओरडत होती, "अहो, नीर बंतु! नळ आला, आणि ही मोटार काही चालू होईना!" आठवडाभरानं आलेलं पाणी ते. आभाराचा हार न घेताच शेठ स्कूटरवर बसले.

गल्लीच्या चढावरचं पहिलं घर त्यांचं. मोटार थेट नळाच्या लाइनला जोडलेली. हे बेकायदा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण कायदा खालच्या घरांसाठी असतो अशी त्यांची समजूत. वायर नीट खोचताच मोटार घरघरली. जमिनीखालचा पाण्याचा संप भरला, गच्चीवरची टाकी भरली, मग पिंपं, मग बारशासाठी आणलेली पातेलीसुद्धा.

खालच्या घरातल्या वेणूबाई रिकामी कळशी घेऊन दारात आल्या. "अण्णा, जरा बंद करा की मोटार. खाली थेंब नाही बघा."

"लाइन आमच्या दारावरनं जाते, त्याला मी काय करू अक्का? घरात कार्य आहे. आधी आमचं भागू दे."

टाळ्या अजून कानात घुमत होत्या, त्यामुळे स्वतःचे शब्द काही त्यांना ऐकू आले नाहीत. त्यांचं भागलं तोवर नळ गेला होता.

सकाळी पाळणा सजला. पाळण्याच्या वरून-खालून बाळ द्यायला-घ्यायला बायका हव्यात, आणि नात्यातल्या साऱ्या कोल्हापूरकडे. दरवेळी गल्लीच धावून यायची. आज गल्ली कोपऱ्यावर टँकरच्या रांगेत उभी होती. शेठ स्वतः बोलवायला गेले, चक्क हात जोडले.

वेणूबाई रांगेतून हलल्या नाहीत. "येते की अण्णा," त्या म्हणाल्या. "आधी आमचं भागू दे."

घरी इंदुमतीनं बाळ उचललं, पाळण्याखालून पुढं केलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," ती म्हणत राहिली. पलीकडं घ्यायला कुणीच नव्हतं.