एक फेरा पुढे

लायलने किल्ली फिरवली आणि गाडीने कार्बोरेटरमधून असा बार काढला, की शेडच्या पत्र्यावरचे गुलाबी काकाकुवे ओरडत उडाले. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा तेच. इंजिन काही धरेना.

नोला बॉनेटपाशी उभी होती. लग्न झाल्यापासून या गाडीचं टायमिंग लावताना उजेडासाठी बॅटरी धरायचं काम तिचंच. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढायचा, त्यातले झिजलेले पॉइंट बदलायचे, परत बसवायचा, हे लायलला दाढी करण्याइतकं अंगवळणी पडलेलं. गव्हाच्या हंगामात त्याने अर्ध्या गावाच्या गाड्या अशाच चालत्या केल्या होत्या.

"चुकलं कुठे?" तो स्वतःशीच म्हणाला.

नोलाला नेमकी हीच भीती होती. गेले काही महिने ती त्याच्या मागे मागे फिरत होती. गॅस बंद केलाय का, कोंबड्यांचं दार लावलंय का, नळ चालू राहिलाय का. रविवारी मुलगा क्रेग ॲडलेडहून येणार होता. बाबांचं डोकं चालत नसेल तर लायसन्स परत करायचं, घर विकायचं आणि माझ्याकडे शहरात यायचं, असं त्याने फोनवर तिला स्पष्टच सांगितलं होतं. त्यावर ती तोऱ्यात म्हणाली होती, "अरे, तुझा बाप अजून डोळे मिटून डिस्ट्रिब्युटर बसवतो."

लायल खाली उतरला. त्याने पहिला प्लग काढून भोकावर अंगठा दाबला.

"पुलीवर पाना लाव. हळू फिरव."

तिने फिरवलं. हवेने त्याचा अंगठा उडवला तेव्हा पुलीवरची खूण बरोबर जागेवर आली होती. मग त्याने डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतला काट्यासारखा फिरणारा रोटर थेट विरुद्ध बाजूला तोंड करून होता.

"उलटा बसवलाय मी." तो खोक्यावर बसला आणि फडक्याने हात पुसत राहिला. "सकाळी अंगठा लावूनच खूण जुळवली होती. निदान मला तसं वाटतंय. आता माझंही डोकं गेलं म्हणायचं."

"पण खूण तर बरोबर होती. मी पाहिली."

"खूण दोनदा येते गं. एका फेऱ्याला सिलिंडरमध्ये दाब असतो, पुढच्याला नसतो. खूण मात्र तीच."

नोलाचा हात पान्यावरच राहिला.

"म्हणजे कोणी मध्येच एक पूर्ण फेरा दिला तर?"

"तर खूण जागेवर आणि बाकी सगळं उलटं. का?"

"डिस्ट्रिब्युटर बसवायच्या आधी तू चहाला आत गेलास ना, तेव्हा मी इथे आले होते. खूण केसभर पुढे गेलेली दिसली. इंजिन कधी मागे फिरवायचं नाही, हे तूच शिकवलंस. म्हणून पूर्ण फेरा देऊन पुढून फिरवून आणली. अगदी नीट जागेवर."

"कशाला?"

"तू बरोबर केलंस का, ते बघायला."

बोलून गेली आणि तिला एकदम इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. तो चुकला नव्हता. चूक सगळी तिची होती, आणि एवढी गोड चूक तिने जन्मात केली नव्हती.

"जन्मभर बॅटरी धरलीस," लायल म्हणाला, "आणि मेकॅनिक व्हायला हाच मुहूर्त सापडला?"

त्याने डिस्ट्रिब्युटर उपसला, अर्धा फेरा देऊन बसवला, प्लग आवळला. किल्ली लावताच इंजिनाने धरलं. मग कान देऊन तो डिस्ट्रिब्युटर जरासा इकडे, जरासा तिकडे करत राहिला. आवाज एकसारखा झाला तेव्हा त्याने बोल्ट कसला. नोलाने ॲप्रनने डोळे टिपले.

"क्रेगला फोन करते. म्हणावं, येऊ नकोस."

"येऊ दे. मीच बोलावलंय त्याला."

"तू? कशाला?"

लायलने बॉनेट खाली केलं.

"तुझ्यासाठी. दिवसातून चारचारदा गॅस बघतेस, मी लावलेलं दार पुन्हा लावतेस. मला वाटलं, तुझ्या काही लक्षात राहत नाही."

नोलाने पाना उचलला. लायल हसत हसत गाडीच्या पलीकडे गेला.