साडूंचा अंगठा

पाटीवाले पेनड्राइव्हवर बसले आणि तो मोडला. यात पेनड्राइव्हची काही चूक नव्हती. सहा वर्षं पँटच्या मागच्या खिशात राहून त्याने जे सोसलं, ते एखाद्या घरजावयानेही सोसलं नसतं.

पाटीवाल्यांचं सगळं काम त्याच्यावरच चालायचं. बायको घरी संगणकावर दारावरच्या पाट्यांची अक्षरं जुळवायची, पाटीवाले ती पेनड्राइव्हमध्ये घालून दोन गल्ल्या पलीकडच्या कारखान्यात न्यायचे आणि तिथलं यंत्र ती पितळेवर कोरायचं. यंत्र जुनं. त्याला पेनड्राइव्हखेरीज दुसरी भाषा समजत नसे.

"साधाच आणा," बायको म्हणाली. "दोरी ओवायला भोक असलेला. टोपणाचा नको, टोपण पहिल्याच दिवशी हरवाल. आणि रंग भडक बघा, म्हणजे कारखान्यातल्या भुशात पडला तरी सापडेल."

सल्ला इतका सरळ होता की पाटीवाल्यांना तो सल्ला वाटलाच नाही. ते साडूंकडे गेले.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एका मोठ्या कचेरीत ते संगणक विभागात होते. तिथे ते नेमकं काय करतात, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. प्रिंटरमध्ये कागद अडकला की त्यांनाच बोलावतात, एवढं मात्र एकदा त्यांच्याच तोंडून निसटलं होतं.

"पेनड्राइव्ह?" साडूंनी चष्मा काढला. वाईट बातमी द्यायच्या आधी डॉक्टर काढतात, तसा. "साडूभाऊ, कालच बोलला असतात तर बरं झालं असतं."

काल बोलून काय झालं असतं ते पाटीवाल्यांना कळलं नाही, पण अपराधी मात्र वाटलं.

"तुमची माहिती गोपनीय आहे का?"

"पाट्या आहेत हो. 'दार ढकला', 'कुत्र्यापासून सावध'..."

"बघा! म्हणजे सुरक्षेचाच विषय आला की!"

दुकानात साडूंनी अकरा पेनड्राइव्ह हाताळले. एक हातात घेऊन तोलला, एक कानाशी धरून हलवला. दुकानदाराने बोटाएवढा एक साधा पुढे केला, तेव्हा त्याच्याकडे त्यांनी नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. शेवटी पसंत पडला तो पोलादी होता. तीस मीटर खोल पाण्यात टिकायचा, अंगावरून ट्रक गेला तरी चालायचा आणि मालकाचं बोट लावल्याशिवाय उघडायचा नाही. पाटीवाले पोहायला जात नसत आणि त्यांच्या गल्लीत ट्रक शिरत नसे. पण नाही म्हणायची सवय नव्हती.

घरी बोटाची नोंद करायला बसले, तर लाल दिवा. दुसरं बोट, लाल. दहाही बोटं झाली. पंचवीस वर्षं सॅंडपेपर आणि पितळ घासून पाटीवाल्यांच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या.

"तुम्हाला ठसेच नाहीत हो!" साडू हळहळले. "धंदा चुकला तुमचा. चोरी करायला हवी होती." आणि नमुना म्हणून त्यांनी आपला अंगठा टेकवला. हिरवा दिवा! "तूर्तास माझाच असू द्या. घरचाच माणूस."

"मी लावते की माझं बोट," बायको म्हणाली.

"जितकी बोटं कमी, तितकी सुरक्षा जास्त," साडू म्हणाले. जाता जाता त्यांनी आणखी एक सोय करून दिली. पाटीची अक्षरं जुळवून झाली की ती संगणकावरून आपोआप पुसली जाऊन फक्त पेनड्राइव्हमध्ये राहणार. एकच प्रत, एकाच जागी.

तेव्हापासून साडू रोज संध्याकाळी घरी येऊ लागले आणि सकाळी कचेरीला जाता जाता कारखान्यात. दोन्हीकडे चहा, दोन्हीकडे अंगठा. रविवारी जेवायला थांबत, कारण कधी गरज पडेल सांगता येत नाही.

"इतका शिकलेला अंगठाबहाद्दर मी पहिल्यांदाच बघतेय," बायको म्हणाली. तोवर ताईच्या नवऱ्याला ती कधी असं बोलली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात गायनशाळेचं काम आलं. शाळा काढणाऱ्या बाई आता नव्वदीच्या होत्या आणि त्यांच्या नावाची पितळी पाटी त्यांच्याच हस्ते सकाळी अकराला दारावर लागायची होती. मजकूर बदलत बदलत आदल्या संध्याकाळी पक्का झाला. बायकोने अक्षरं जुळवली, साडूंनी अंगठा लावला, संगणकाने आपली प्रत इमानेइतबारे पुसून टाकली.

सकाळी नऊला साडू कारखान्यात आले ते उजव्या अंगठ्याला हे एवढं बॅंडेज बांधून.

"काय झालं?" पाटीवाल्यांनी विचारलं.

"असाच पेनड्राइव्ह मलाही घेतला. पाकीट उघडताना कात्री लागली." साडू जरा ओशाळले. "तीन टाके. पाकीट मात्र मजबूत हो, मानलं पाहिजे."

"आणि माझी पाटी?"

"सुरक्षित आहे. अगदी सुरक्षित."

खरंच होती. इतकी सुरक्षित की जगातल्या कुठल्याही माणसाला ती मिळणार नव्हती. साडूंनी डावा अंगठा लावून पाहिला, मग उरलेली बोटं. यंत्र समोर ढिम्म. पाटीवाल्यांनी कापलेला कोरा पितळी पत्रा हातात घेतला आणि खाली ठेवला. बाईंना काय तोंड दाखवायचं? एका सरळ माणसाने भिडेखातर किती वाकडं व्हावं, असं त्यांच्या मनात आलं, आणि हे आपल्याबद्दलच आहे हेही लक्षात आलं. त्यांनी बायकोला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून ठेवून दिला. हा "बरं" त्यांना चांगला माहीत होता.

"पायाचा अंगठा चालतो का बघू या," साडू म्हणाले आणि बूट काढू लागले.

पाऊण तासाने बायको आत शिरली, तेव्हा तिचे थोरले भावोजी एका पायावर उभे होते, दुसरा पाय यंत्राच्या फळीवर होता आणि नवरा त्यांना खांद्याला धरून आधार देत होता.

"चालू द्या तुमचं," ती म्हणाली. "फक्त जरा बाजूला होऊन."

मजकुराचा कागद तिने जपून ठेवला होता. त्यावरून अक्षरं पुन्हा जुळवली होती आणि कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानातून एक पेनड्राइव्ह घेतला होता. पिशवी उघडायला लागतो तेवढा वेळही तो निवडायला लागला नसेल. नारिंगी रंग, टोपण नाही, टोकाला भोक. यंत्राने तो खळखळ न करता वाचला आणि पितळेवर पहिलं अक्षर उमटलं.

"याला काही संरक्षणच नाही," साडू मोजा चढवत म्हणाले.

"आहे ना," पाटीवाले म्हणाले. "माझी बायको."

साडूंना ते असं तोंडावर पहिल्यांदाच बोलले होते. बोलून पाटीवाल्यांचेच कान गरम झाले, पण बरंही वाटलं.

पाटी वीस मिनिटं उशिरा लागली. नव्वदीच्या बाईंनी गार पितळेवरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं, आणि त्यांच्या शिष्यांपैकी कुणाला उशिराची आठवणही राहिली नाही. पाटीवाले बायकोसह मागे भिंतीशी उभे होते. बाईंनी त्यांना पुढे बोलावून विचारलं, "इतकं सुबक कोरलंय कुणी?" त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं.

पोलादी पेनड्राइव्ह त्याच दिवशी साडूंच्या घरी गेला. नाही तरी तो दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हता.

महिन्याभराने ताईचा फोन आला. "अगं, ह्यांनी त्या दोन पेनड्राइव्हमध्ये काय भरलंय कोण जाणे. विचारलं तर म्हणतात, गोपनीय आहे. उघडायचे कसे गं ते?"

"दुपारी झोपतात ना भावोजी?" बायकोने विचारलं. "टाके निघालेत आता त्यांचे."

पलीकडून दार हळूच ढकलल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "ठेवते मी. आत्ताच लागलाय डोळा."