पाटीवाल्या ताईंच्या डोक्यात मी काय पाहिलं

मित्रांनो, मी एक जुना एमआरआय आहे. इस्पितळाच्या तळमजल्यावरचा, पोटात बोगदा असलेला भलामोठा लोहचुंबक. कारखान्यातून आलो तेव्हा मला आत घ्यायला भिंत पाडावी लागली होती! चौदा वर्षं मी दुखरे गुडघे आणि मणके पाहिले. मग शेजारी नवा एमआरआय आला नि माझ्याकडे कुणी फिरकेना.

पण मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी मला मोडीत जाऊ दिलं नाही. त्या मल्टिपल स्क्लेरोसिस या आजाराचा अभ्यास करत होत्या. या आजारात शरीराचे राखणदारच घरभेदी होतात आणि मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात. पूर्वी मला नुसते पांढरे डाग दिसत. बाईंनी नवी प्रणाली बसवली आणि आवरण किती झिजलं, किती भरलं, तेही मला मोजता येऊ लागलं. म्हातारपणी शाळेत गेलो म्हणा ना!

पहिल्या आल्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एक ताई. एका डोळ्याने अंधुक दिसे, बोटं बधिर होत. सोबत थोरला भाऊ, कपाळाला आठ्या.

"डोकं अजिबात हलवू नका हं," तंत्रज्ञ म्हणाला.

"अहो, ते ठिकाणावर आहे का, हेच तर बघायला आलेय!"

काचेपलीकडच्या पडद्यावर बाईंनी भावाला एकेक डाग दाखवला. ताई बोगद्यातून बाहेर आल्या तसा तो त्यांच्याकडे गेला.

"तू थकले म्हणायचीस," तो ताईंना म्हणाला, "आणि मी तुला कामचुकार म्हणायचो."

"आता म्हणू नकोस, म्हणजे झालं."

औषध सुरू झालं. दीड वर्षाने पाय जड झाले म्हणून ताई रडवेल्या होऊन आल्या. मी जीव ओतून काम केलं. दोनदा पडताळून बाई धावतच आत आल्या.

"नवा डाग एकही नाही! पाय जड झाले ते उकाड्याने; या आजारात तसं होतं. आणि जुन्या डागावर आवरण थोडं भरून येतंय!"

आनंदाच्या भरात भाऊही आत धावला. त्याच्या खिशातल्या किल्ल्या उडून खाडकन मला चिकटल्या! दचकलेल्या ताईंना मग हसू आवरेना.

तेव्हा मित्रांनो, माझ्याकडे येताना धातूच्या वस्तू बाहेर ठेवा. आणि घरातलं कुणी ठणठणीत दिसूनही "थकलो" म्हणालं, तर खरं माना. तेवढ्यासाठी माझ्यासारखं धूड कशाला हवं?