मुशीची फिर्याद

मार्कंड्याची जत्रा उठली, की वैनगंगेच्या काठी मासेमार ढिवरांची जातपंचायत बसायची. ज्याच्यावर आळ असेल त्याने पंगतीबाहेर बसायचं, अशी रीत. त्या साली, म्हणजे छपन्न साली, झिंगू ढिवर आपल्या पायाने जाऊन तिथे बसला. त्याच्यावर आळ तर कोणाचाच नव्हता, तेव्हा मंडळींना हसूच फुटलं.

"काऊन बसला बे तिथी?" म्हातारे पंच बापूजी म्हणाले.

"दंड मांगाले आलो."

झिंगू दोन वर्षं रत्नागिरीकडे मासेमारीच्या मचव्यावर राबून आला होता. तिथे समुद्रात मुशी नावाचा मासा धरत, माणसाहून लांब. तिचे पर तेवढे कापून वाळवायचे. चीनकडचे श्रीमंत त्याचं सूप पितात म्हणे. उरलेलं धूड जिवंतच पाण्यात लोटायचं, मचव्यात जागा कुठली!

"पर नाई त पोहता येत नाई, बापूजी. पोहली नाई त तिले दम बी घेता येत नाई. डोये उघडेच, अन् खाली खाली जाते. म्या ह्या हातानं कापले."

पण नदीकाठच्या माणसाने समुद्र पाहिलाय कधी? माणसाहून लांब मासा म्हटल्यावर लोक पोट धरधरून हसले. परमुलखातसुद्धा झिंगूला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"फिर्यादी कोन?" बापूजींनी विचारलं.

"मुशी."

"फिर्यादी मानूस नाई, त गुन्हा बी नाई. चाल, जेवाले."

दोघांनी दंडाला धरून त्याला पंगतीत बसवलं. भात आला, माशाचा रस्सा आला. रस्सा वाढता वाढता बापूजींनी आपलं सहज विचारलं, "मंग, खायाले कशी लागते तुही मुशी?"

"कोनी खाल्लीच नाई, बापूजी. शेकड्यानं मारल्या. एक बी नाई खाल्ली."

पंगतीतले हात थांबले. मासा मारून टाकून द्यायचा म्हणजे काय, हे कळायला ढिवराला समुद्र पाहावा लागत नाही. बापूजींनी पळी खाली ठेवली. त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"वर्सभर तू वाळीत," ते म्हणाले. "तुह्यासंग कोनी बोलनार नाई, कोनी जेवनार नाई."

झिंगूने हात जोडले. कोणीतरी त्याचं खरं मानलं होतं, आणि त्याला रडू आवरेना. शेजारच्या गड्याने आपली पत्रावळ उचलली आणि चार हात पलीकडे जाऊन बसला.