पाहुणीचं नाव

"विंबा आली का गं?" आर्विड्सनं उशीवरूनच विचारलं आणि माझ्या हातातला सुपाचा चमचा तसाच थांबला.

आमच्या व्हेंटा नदीकाठी, वसंतात समुद्रातून वर चढणाऱ्या या माशाचं नाव तो येईपर्यंत कुणी घेत नाही. 'पाहुणी' म्हणायचं. धबधब्यावर पहिली उडी ज्याला दिसेल त्यानं नावानं हाक मारायची, मग गावाचं तोंड मोकळं. माझा नवरा आर्विड्स जन्मभर काड्यापेटीच्या कारखान्यात काड्यांना गुल लावत राहिला, कधी फोरमनही झाला नाही. पण हा नेम त्यानं मोडला नाही. माझ्या भावानं एकदा एप्रिलातच नाव घेतलं, तर त्या वर्षी त्याला आमच्याकडच्या धुरी दिलेल्या माशाचा काटासुद्धा मिळाला नाही.

"अरे, नाव घेतलंस!"

"वाट बघणाऱ्यांनी घ्यायचं नसतं. माझं काय आता?"

रडू यायच्या आधी मला राग आला. "तोंडाला येईल ते बोलू नकोस. सूप गीळ."

"बरं बाई. तू धबधब्यावर जा. दिसली की मला येऊन सांग. आणि पळत ये, नाहीतर वाटेत बायकांशी गप्पा छाटत बसशील."

चार दिवस मी गेले. "झेंटा, पाणी अजून हाडं गोठवतंय," शेजारचा गुनार्स म्हणायचा. "पाहुणी काय वेडी आहे?" मी हात हलवत परत यायची. आर्विड्स माझ्या तोंडाकडे बघायचा आणि डोळे मिटायचा. पाचव्या दिवशी पहाटे तो गेला.

त्याला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी पाय आपसूक धबधब्याकडे वळले. पांढऱ्या पाण्यावर काळी पाठ उसळली, नारिंगी पोट चमकलं. पहिली उडी. दुसऱ्या कुणी पाहिली नव्हती. माझ्याशी काय बोलावं या विचारात गुनार्स स्वतःच्या बुटांकडे बघत होता. हाक माझी होती, उभ्या जन्मात पहिल्यांदा. पण आर्विड्सच्या आधी दुसऱ्या कुणाला सांगायला माझा जीव होईना.

दुसरी उडाली तेव्हा गुनार्स ओरडला, "विंबा! विंबा आली!" लोक कठड्याशी धावले. "तुला आधी दिसली नाही?" त्यानं विचारलं.

"नाही," म्हटलं आणि निघाले.

वाटेत दोघीजणींनी हाका मारल्या, थांबले नाही. घरी त्याची खाट तशीच होती. उशीवरचा खळगासुद्धा मी कुणाला मोडू दिला नव्हता. धापा टाकत, चिखलाचे बूट न काढताच मी दारातून म्हटलं, "आर्विड्स, विंबा आली."

मग खाटेवरची चादर काढली.